अर्कचित्र काढताना भार कुठे टाकायचा

गळीत हंगामात कोल्हापुरातून कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला लागा, उसाची बैलगाडी दिसतेच. मोळ्या मागच्या बाजूला जास्त रचल्या तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त रचल्या तर सगळं ओझं मानेवर येतं. ऊस तेवढाच असतो, पण तो कुठे रचला यावर गाडीची चाल ठरते.

अर्कचित्र म्हणजे एखाद्या माणसाच्या चेहऱ्याची खूण वाढवून काढलेलं चित्र; त्याला इंग्रजीत 'कॅरिकेचर' म्हणतात, आणि हा शब्द याच कामातून आलेला आहे. इटालियन भाषेत 'कारिकारे' म्हणजे लादणे, भरणे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'कार्रुस', म्हणजे गाडी. आपली रोजची 'कार' आणि बंदरावरचा 'कार्गो' हे शब्द त्याच घराण्यातले. फ्रेंच लोक अशा चित्राला 'शार्ज' म्हणतात, त्याचाही अर्थ भार असाच. अर्कचित्र शिकणाऱ्याला या शब्दातूनच पहिला धडा मिळतो: चेहरा ज्या बाजूला आधीच कललेला आहे त्या बाजूला आणखी भार टाकायचा, आणि तो भार चेहऱ्याच्याच दुसऱ्या भागातून उचलून आणायचा. पुढे जे काही सांगितलं आहे ते एवढ्या एका गोष्टीचा विस्तार आहे.

मराठी शब्द आणि त्यातली चूक

मराठीत आपण सरसकट 'व्यंगचित्र' म्हणतो आणि इथेच नवशिक्याची वाट चुकते. 'व्यंग' म्हणजे अंगातली उणीव (वि + अंग). 'व्यंग्य' हा निराळा शब्द आहे. तो 'वि + अंज्' या धातूवरून आला, अर्थ सुचवला गेलेला, उघड न बोललेला. शाळेत शिकलेल्या अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्तींपैकी व्यंजना याच धातूची. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा ध्वनी आहे असं मांडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हाच व्यंग्यार्थ होता. बोलताना लिहिताना 'य' गळला आणि सुचवणारं चित्र हे उणीव दाखवणारं चित्र होऊन बसलं. मग मुलं कागद घेऊन बसतात आणि समोरच्या माणसाचं व्यंग शोधायला लागतात. तिरळा डोळा, पुढे आलेले दात, काळा रंग. चित्र दुष्ट होतं, आणि गंमत म्हणजे सारखंही येत नाही, कारण उणीव म्हणजे ओळख नव्हे.

एका ठरावीक व्यक्तीच्या चेहऱ्याच्या चित्राला 'अर्कचित्र' हाच नेमका शब्द आहे. हा अर्क अरबीतून आला. तिथे 'अरक' म्हणजे घाम, मग गाळलेला रस. संस्कृतातला सूर्य किंवा रुई या अर्थाचा 'अर्क' वेगळा. ओव्याचा अर्क काढताना भांडंभर ओव्यातून थेंब-थेंब हाती येतं आणि बाकीचा चोथा टाकावा लागतो. चेहऱ्याचंही तसंच करायचं आहे. 'अगदी अर्क आहे हा' असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्यात एकच गुण दाट उतरलेला असतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

व्यंगचित्र, हास्यचित्र, अर्कचित्र यांतला फरकही कामाचा आहे. शि. द. फडणीस यांची निःशब्द हास्यचित्रं पाहा: तिथला माणूस अमुक एक इसम नसतो, प्रसंग हसवतो. अर्कचित्रात प्रसंग नसला तरी चालतं, माणूस मात्र तोच हवा. व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांचा जन्म कोल्हापूरचा, १९२७ सालचा. त्यांनी दोन्ही प्रकार केले. पु. ल. देशपांडे यांचा चेहरा कितीतरी मराठी वाचकांना सरवट्यांच्या रेषेतूनच पाठ आहे.

उगम, थोडक्यात

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्यात आनिबाले कार्राची (१५६०–१६०९) आणि त्याच्या घरचे चित्रकार मोठ्या चित्रांच्या कामातून उसंत मिळाली की ओळखीच्यांचे असे चेहरे काढत. 'रित्रात्ती कारिकी', म्हणजे भार लादलेली व्यक्तिचित्रं. आनिबालेच्या रेखाटनांवरून केलेल्या एका संग्रहाच्या १६४६ सालच्या प्रस्तावनेत हा प्रकार नावानिशी छापला गेला. त्याच्याही आधी लिओनार्दोने विद्रूप डोकी काढली होती, पण ती कुणा ओळखीच्या माणसाची म्हणून काढलेली नाहीत, म्हणून त्यांना अर्कचित्र म्हणत नाहीत. शिल्पकार बर्निनी (१५९८–१६८०) चार-सहा रेषांत एखादा कार्डिनल, म्हणजे चर्चचा वरिष्ठ धर्मगुरू, उभा करायचा. १७४३ मध्ये विल्यम होगार्थने शंभरएक चेहरे एका छापात दाटीवाटीने भरून दाखवलं की स्वभाव टिपणं वेगळं आणि भार टाकणं वेगळं.

'कार्टून'चं मूळ मात्र 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. भिंतीवरच्या चित्राचा कच्चा आराखडा ज्यावर काढत तो. १८४३ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने संसद भवनासाठीच्या अशा आराखड्यांच्या प्रदर्शनाची खिल्ली उडवली आणि तेव्हापासून तो शब्द विनोदी चित्राला चिकटला.

आधी बघा, मग लिहा

सरावाला ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा ए-४ कागद, एचबी आणि २बी पेन्सिल, खोडरबर आणि मिलिमीटरची पट्टी एवढं पुरे. पक्क्या चित्राला १५० जीएसएम किंवा त्याहून जाड कार्ट्रिज कागद, वॉटरप्रूफ काळी शाई आणि ३ नंबरचा गोल ब्रश. ब्रशची सवय नसेल तर ०.३ आणि ०.८ अशी दोन पेनं.

फोटोवरून काढायचं असेल तर सेल्फी घेऊ नका. हातभर अंतरावरून मोबाइलची रुंद लेन्स नाक फुगवते आणि कान मागे ढकलते. मग तुम्ही माणसाच्या नाकावर भार टाकत नाही, लेन्सच्या चुकीवर टाकता. दीड-दोन मीटर अंतरावर उभं राहून दुप्पट झूम करून तीन फोटो घ्या: समोरून, पाऊण बाजूने आणि पूर्ण बाजूने. चौथा बोलताना घ्या. फोटोसाठी ताठ बसलेला माणूस निम्मा गायब झालेला असतो.

आता पेन्सिल खाली ठेवा आणि त्या माणसाचं वर्णन पाच वाक्यांत लिहा. ओळख नसलेल्या माणसाला बसस्टँडवरून घेऊन यायचं आहे, आणि तुम्ही आणायला जाणाऱ्याला खूण सांगताय, अशा भाषेत. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे: चाफेकळी नाक, बसलेली गालफडं, लंबुळका चेहरा, पिंगट मिशी, खोल गेलेले डोळे, नारळासारखं डोकं. यातलं 'चाफेकळी नाक' हे कौतुक आहे, तरी अतिशयोक्तीच आहे. म्हणजे भार टाकणं हे कमीपणा दाखवण्याचं काम नाही. पाचपैकी कुठलं वाक्य गावातल्या शंभर माणसांना लागू पडतं ते खोडा. उरलेल्या दोन-तीन वाक्यांतच तुमचं चित्र आहे.

मापं: एका पैलवानाचं उदाहरण

सरासरी चेहरा आधी पाठ हवा, नाहीतर कललेलं काय ते कळणार नाही. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. नवशिके ते हमखास वर काढतात. केसांच्या रेषेपासून भुवया, भुवयांपासून नाकाचं बूड, तिथून हनुवटी असे तीन भाग साधारण सारखे. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांची, दोन डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याचं. कानांची उंची भुवई ते नाकाचं बूड.

समजा, गंगावेश तालमीसारख्या एखाद्या तालमीतल्या पैलवानाचा समोरून घेतलेला फोटो आहे. छापलेल्या फोटोत केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत ९० मिमी भरतात. सरासरीने तीन भाग ३०, ३०, ३० हवेत. याचे निघाले कपाळ २२, नाक ३०, खालचा भाग ३८. म्हणजे फरक: उणे ८, शून्य, अधिक ८. हे फरक दुप्पट करा: उणे १६, शून्य, अधिक १६. नवे भाग १४, ३० आणि ४६. बेरीज पुन्हा ९०. ही बेरीज जपणं म्हणजेच गाडी उलाळ न होऊ देणं: जबड्याला दिलेले मिलिमीटर कपाळातून आले. आता आडवं माप. चेहऱ्याची रुंदी ७५, म्हणून डोळा १५ आणि मधलं अंतर १५ हवं. याचा डोळा १३, अंतर १८. दुप्पट फरकाने डोळा ११, अंतर २१. नाक सरासरीचंच आहे, त्याला हात लावायचा नाही. अर्कचित्र म्हणजे मोठं नाक, हा समज इथेच सोडून द्या.

तिप्पट केलं तर कपाळ ६ मिमी उरतं, केस जवळजवळ भुवयांवर येतात. कधी ते जमून जातं, पण सुरुवातीची निदान वीस चित्रं दुपटीवर थांबवलेली बरी. दुप्पट-तिप्पट ही मोजणी मनाची नाही. सुझन ब्रेनन यांनी १९८०च्या दशकात संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेतली ती याच रीतीने, सरासरी चेहऱ्यापासूनचा फरक वाढवून. १९८७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात ओळखीच्या माणसाचं असं वाढवलेलं रेखाचित्र जशाच्या तशा रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखलं गेलं.

कानाचं काय? कुस्तीत घासून, दाबून कानाच्या कूर्चेवर रक्त साकळतं, ते घट्ट होतं आणि कान मुडपून गोळा होतो. काढताना आतल्या वळ्या काढत बसू नका. घट्ट मिटलेल्या मुठीसारखा एक आकार आणि आत एक आडवी चीर पुरते. पण हा कान 'पैलवान' एवढंच सांगतो, 'हाच पैलवान' हे सांगत नाही. मानेचंही तेच: जबड्याइतकी रुंद मान बहुतेक पैलवानांना असते. धंद्याची खूण आणि माणसाची खूण यांत गल्लत झाली की चित्र तालमीच्या पाटीसारखं होतं. कान आणि मान काढा, पण भार टाका तो १४–३०–४६ वर आणि डोळ्यांमधल्या अंतरावर.

फेट्याबाबत हीच खबरदारी. कोल्हापुरी फेट्याचा तुरा आणि शेमला काढायला हात शिवशिवतात, आणि चित्र छान दिसतं. पण फेटा कुणाच्याही डोक्यावर बसतो. शिवाय तो केसांची रेषा झाकतो, त्यामुळे अशा वेळी मापं भुवयांपासून हनुवटीपर्यंत घ्यावीत आणि नाक व खालचा भाग या दोघांचीच तुलना करावी. पुरं झालं की फेट्यावर आणि मिशीवर अंगठा ठेवून बघा. उरलेल्या चेहऱ्यातून माणूस ओळखू आला पाहिजे.

कागदावर

मापं काढली तरी थेट मोठं चित्र काढू नका. ४ बाय ५ सेंमीचे सहा-आठ चौकोन आखा आणि प्रत्येकात अर्ध्या-एक मिनिटात फक्त डोक्याचा बाहेरचा आकार काढा: भोपळा, लिंबू, विटेसारखा, पानासारखा. त्यात डोळे आणि नाक-तोंडाच्या जागा नुसत्या आडव्या रेघांनी दाखवा. एवढ्या लहान जागेत बारकावे मावतच नाहीत, म्हणून मांडणी आपोआप धीट होते. जो चौकोन दोन मीटरवरून ओळखू येतो तोच मोठा करायचा.

मोठं करताना क्रम असा ठेवा: बाहेरचा आकार, डोळे-नाक-तोंड हा त्रिकोण, मग कान-केस, मग शेवटी सुरकुत्या. ओळख या त्रिकोणात असते. बुबुळ एक मिलिमीटर सरकलं तरी माणूस दुसराच होतो. आणि सुरकुती म्हणजे वय. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ तरुण मुलीच्या चेहऱ्यावर आली की ती एकदम वयस्क दिसते. तिथे रेघेऐवजी मोकळी जागा सोडावी आणि भार चेहऱ्याच्या आकारावर, केसांच्या घेरावर, मानेच्या कलावर टाकावा. लहान मुलांचे डोळे-नाक-तोंड मुळातच चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्यात असतात, म्हणून त्यांना मोठ्यांची सरासरी लावायची नाही.

शाई करताना सगळ्यात जास्त चित्रं मरतात. पेन्सिलीची रेघ भीतभीत गिरवली की ती थरथरते, जिवंत रहात नाही. आधी रद्दी कागदावर दहा-बारा लांब फटकारे मारा, हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवा. मग खिडकीच्या काचेवर किंवा दिव्याच्या पेटीवर कच्चं चित्र ठेवून वर नवा कागद घ्या आणि रेघ एका दमात ओढा. हनुवटीखाली, नाकाच्या बुडाशी, फेट्याच्या घडीखाली रेघ जाड, उजेडाच्या बाजूला बारीक. जाड रेघ म्हणजे तिथे वजन आहे. झेरॉक्सच्या कागदावर शाई कडेने पसरते, म्हणून पक्कं काम त्यावर करू नये. जुलै-ऑगस्टच्या पावसात कोल्हापूरच्या हवेत चांगला कागदही ओल धरतो आणि तसाच वागतो, तेव्हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा आणि शाई वाळायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्यावा. घाईने खोडरबर फिरवला की काळा पट्टा उमटतो आणि तो निघत नाही. छापायला पाठवायचं असेल तर रेषाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

परीक्षा साधी आहे. त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी चित्र तीन सेकंद दाखवा आणि झाका. त्याने नाव घेतलं तर जमलं. 'छान काढलंय' म्हणाला आणि नाव घेतलं नाही, तर नाही जमलं. मग चित्र उलटं धरा, आरशात बघा. सारखेपणा कुठे सुटला ते बहुतेक वेळा एका नजरेत दिसतं. पुन्हा पुन्हा सापडणारं कारण एकच: सगळंच मोठं केलेलं असतं. नाकही, कानही, दातही. सगळीकडे सारखा भार म्हणजे कुठेच भार नाही.

कोल्हापुरात आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून हुबेहूब चित्राचा हात घडवण्याची रीत आहे. त्या रीतीत तयार झालेल्या विद्यार्थ्याचं निरीक्षण पक्कं असतं, ही मोठी पुंजी. फक्त प्रत्येक गोष्टीला न्याय देण्याची त्याची सवय इथे आड येते. अर्कचित्रात निम्म्या गोष्टी सोडाव्या लागतात, आणि ते सोडणं त्याला चुकीचं वाटत राहतं. त्याने ब्रश घेऊन, पेन्सिल न वापरता, चेहरा दहा रेघांत संपवायचा सराव रोज करावा. दहा म्हणजे मोजून दहा.

शब्दांतलं अर्कचित्र

आपली भाषा हेच काम पूर्वीपासून करते. 'पराचा कावळा', 'राईचा पर्वत' या म्हणण्यात आपण वाढवून सांगणाऱ्याला नावं ठेवतो, पण नीट बघितलं तर पर कावळ्याचाच असावा लागतो. नसलेल्या पिसाचा कावळा कुणाला पटत नाही. तमाशातला सोंगाड्या, दारात येणारा बहुरूपी, दोघांची कला त्या एका पिसावर उभी असते: तलाठ्याची चालण्याची लकब, सावकाराचा खाकरण्याचा आवाज.

शाळेतले अलंकारही इथे हत्यारासारखे वापरता येतात. नाक चोचीसारखं आहे, ही उपमा. नाक जणू चोचच, ही उत्प्रेक्षा. नाकाची चोच, हे रूपक. हे नाक नव्हेच, चोच आहे, ही अपन्हुती. १८३१ साली पॅरिसच्या न्यायालयात संपादक शार्ल फिलिपाँने राजा लुई फिलिपचा चेहरा चार पायऱ्यांत नासपती करून दाखवला, तो याच चढणीने. पहिल्या चित्रात राजा, चौथ्यात फळ. त्यानंतर नुसती नासपती काढली तरी लोकांना राजा दिसायचा. पण पहिली तीन चित्रं पाहिल्याशिवाय चौथं म्हणजे फक्त फळच. म्हणून नव्याने लिहिणाऱ्याने आणि काढणाऱ्याने उत्प्रेक्षा-रूपकाच्या आसपास थांबावं. तिथे माणूस आणि वस्तू दोन्ही एकदम दिसतात.

लिहिताना पहिली चूक होते ती विशेषणांची. 'ते भयंकर, प्रचंड, अति लांब भाषण करतात' या वाक्यात भार सगळीकडे आहे, म्हणून कुठेच नाही. विशेषणं काढा आणि परिणाम दाखवा: 'त्यांनी ''दोनच शब्द बोलतो'' म्हटलं की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागतात.' किंवा: 'गळ्यात घातला तेव्हा हार ताजा होता, भाषण संपलं तेव्हा निर्माल्य झाला होता.' दुसऱ्या वाक्यात वेळ कुठेच सांगितलेली नाही, फुलांनी सांगितली. व्यंग्य म्हणतात ते हे.

बोलीची लकब धरायची तर एकच धरा. एखादा इसम दर वाक्याला 'न्हवं का' म्हणत असेल तर तीन वाक्यांत तीनदा येऊ द्या, आणि तिसऱ्यांदा अशा जागी आणा जिथे प्रश्न विचारायला जागाच नाही: 'माझं नाव, न्हवं का, पाटील.' चौथ्यांदा आणलंत तर वाचक कंटाळतो, आणि त्यात 'लई', 'व्हय', 'काय तर' असं सगळंच भरलंत तर तो माणूस नाहीसा होऊन नुसता कोल्हापूरकर उरतो. फेट्याची चूक ती हीच.

सरावाला संध्याकाळचा रंकाळा तलाव उत्तम. माणसं एका जागी पाच-दहा मिनिटं बसतात, उजेड एका बाजूने येतो आणि चेहऱ्याचे उंचसखल भाग स्पष्ट होतात. अनोळखी माणसाचं चित्र काढलं तर ते त्याला न विचारता कुठे टाकू नये. दर चित्रामागे तारीख आणि तीन मापं लिहून ठेवा: कपाळ, नाक, खालचा भाग. पन्नासेक चेहरे झाल्यावर ते आकडे एकाखाली एक मांडले की तुमच्याच हाताची खोड उघड होते. कुणी प्रत्येकाचं कपाळ लहान करत असतो, कुणी सगळ्यांचेच डोळे जवळ आणतो, आणि ते समोरच्या माणसात नसतंच.